धावपळ, विश्रांती आणि यिन-यांग: सांधा नेमका कुठे निखळतो?

सावलीकडची (धागाकर्ती)

एप्रिलचा पहिला आठवडा हा आमच्या ऑफिसात आजारपणाचा मोसम. मार्च एंडला रात्री दहा-दहापर्यंत बसणारी, वडापाव-चहावर दिवस काढणारी माणसं तेव्हा शिंकतसुद्धा नाहीत. एकदा फाइली बंद झाल्या की कुणाला ताप, कुणाची पाठ, कुणाचं अर्धं डोकं. मग ठरलेला सल्ला: "दोन दिवस नुसत्या झोपा काढ." झोपा काढून सोमवारी माणूस येतो तो आंबलेलाच.

आम्ही हिशोबाची माणसं. इतके तास राबलो, इतके तास लोळलो, खातं जुळायला हवं. ते का जुळत नाही, याचं मला पटलेलं उत्तर चिनी यिन-यांगच्या विचारात आहे, म्हणून हा धागा. मी कोथरूडमधल्या एका बागेत सकाळी ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, शिकते. चिनी भाषा येत नाही, पंडित तर मुळीच नाही. जाणकारांनी भर घालावी.

यिन-यांग म्हटलं की काळ्या-पांढऱ्या माशांचं ते वर्तुळ आठवतं. टी-शर्टवर, कॅफेच्या भिंतीवर, कुणाच्या तरी दंडावर. त्यामुळे समज असा झालाय की निम्मं हे आणि निम्मं ते म्हणजे समतोल. मूळ कल्पना डोंगराच्या दोन बाजूंची आहे: उन्हाची ती यांग, सावलीची ती यिन. सकाळी वेताळ टेकडीवर गेलात तर सेनापती बापट रस्त्याकडचा उतार उन्हात असतो, पाषाणकडचा सावलीत. संध्याकाळी उलट. टेकडी जागची हललेली नसते. म्हणजे एखादी गोष्ट कायमची यांग किंवा कायमची यिन नाही, ती कशाच्या तुलनेत आणि कुठल्या वेळी, ते विचारावं लागतं. खुर्चीत बसून केलेलं ऑडिट पायांना आराम असेल, डोक्याला ती हमाली आहे. टेकडी चढताना नेमकं उलटं. दिवसभर बसून दमलेल्या माणसाला 'आता पडून राहा' सांगणं म्हणजे सावलीतल्याला सावलीतच सरकवणं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कुठलीही बाजू टोकाला पोचली की तिच्याच पोटातून दुसरी सुरू होते. जुन्या चिनी घड्याळात दिवसाचे बारा भाग, एकेक दोन तासांचा. रात्री ११ ते १ हा यिनचा कळस, आणि तिथेच यांगचा अंकुर. सकाळी ११ ते दुपारी १ यांगचा कळस, तिथून यिन वाढायला लागतं. वर्षाचंही तसंच. डिसेंबरातली सर्वांत मोठी रात्र म्हणजे यांग परत येण्याची वेळ. 'यी चिंग' या जुन्या चिनी ग्रंथातल्या ६४ आकृत्यांमधली २४वी हेच दाखवते: वर पाच तुटक रेघा (यिन), तळाशी एकच सलग (यांग). ह्यातून निघालेला सल्ला अगदी साधा आहे. रात्री अकराच्या आत झोपलेलं असावं आणि भर दुपारी जरा डोळे मिटावेत. चीनमध्ये आजही जेवणानंतर टेबलावर डोकं टेकून झोपणारे कर्मचारी आणि शाळकरी मुलं सर्रास दिसतात. आपण मात्र दुपारच्या झोपेवर विनोद करतो.

आता ताई चीबद्दल. आमचे सर नव्या माणसाला आधी फक्त चालायला शिकवतात. एक पाय 'भरलेला', एक 'रिकामा'. रिकामा पाय पुढे जातो, टाच टेकते, पण वजन द्यायचं नाही. टाचेखाली कागद असला तर तो ओढून काढता आला पाहिजे. मग हळूहळू, गुडघा बोटांच्या पुढे न जाऊ देता, वजन पुढच्या पायात उतरवायचं. तसतसा मागचा रिकामा होतो, आणि पूर्ण रिकामा झाल्याशिवाय उचलायचा नाही. मांड्या पेटतात अक्षरशः. बघणाऱ्याला वाटतं म्हातारी माणसं हवेत हात फिरवतायत. यातली गंमत अशी की दोन्ही पायांवर सारखं वजन ठेवून अडकणं हा ताई चीत दोष धरतात. निम्मं-निम्मं झालं की हलताच येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्याकडे कामाला तोटा नाही आणि विश्रांतीही आपण समजतो तितकी कमी नाही. एकातून दुसऱ्यात जाणं तेवढं राहिलं नाही. लॅपटॉप मिटला की त्याच बोटांनी रील्स. शेवटचा घास गिळताना मीटिंगला हजर. गादीवर पडून उद्याची कामं. पाय उचलायच्या आधी वजनच सरकवत नाही आपण. एकादशीला उपास आणि द्वादशीला तुंबडी भरणं, तसं आठवडाभर पळून रविवारी कोसळणं.

तुमच्या दिवसातला हा सांधा कुठे निखळतो? काही जमवलं असेल तर तेही लिहा.

पेठेतला_पाहुणा

एक ते चारमध्ये प्रतिसाद दिला जात नाही. चारनंतर येतो.

शंकासुर

वाचनीय. पण नेहमीप्रमाणे काड्या घालतो.

त्या बारा भागांच्या घड्याळाला पुढे अवयव चिकटवलेले आहेत, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. १ ते ३ यकृत, ३ ते ५ फुप्फुस. व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. आमच्या नात्यातल्या एका काकांना पहाटे तीननंतर जाग यायची, त्यांनी फुप्फुसासाठी प्राणायाम वाढवला. निघाला प्रोस्टेट. शरीरात घड्याळ असतं हे खरंच आहे, त्यामागची जनुकं शोधणाऱ्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं. पण त्यात यकृताची दोन तासांची पाळी वगैरे काही नाही.

बाकी वजन सरकवण्याचा मुद्दा यिन-यांगशिवायही मांडता आला असता. धावपळीत चालणारी मज्जासंस्था आणि आराम-पचनाच्या वेळची मज्जासंस्था, दोन्ही एकमेकींना आवर घालतात, आणि बटण दाबल्यासारखी अदलाबदल होत नाही. झालं.

सावलीकडची

@शंकासुर, अवयव मुद्दामच गाळले. पहाटे वारंवार जाग येत असेल तर डॉक्टरकडे जावं, यात दुमत नाही. साखर, घोरताना श्वास अडकण्याची तक्रार, नैराश्य, काहीही असू शकतं. यिन-यांगकडून मला निदान नकोय.

पण 'मज्जासंस्था' म्हटल्यावर आमच्या ऑफिसातलं कुणी खुर्चीतून उठत नाही हो. 'भरलेला पाय, रिकामा पाय' म्हटल्यावर दोघी उठून चालायला लागल्या.

अळूवडी

धागा छान, लिहिलंयही छान. एकच प्रश्न. भर दुपारी डोळे मिटावेत, ते कोणी?

मी शाळेत शिकवते. रविवारी घरातले सगळे 'आठवड्याचा शीण' काढतात, म्हणजे मी तीन वेळा चहा, पोहे, मग 'आज काहीतरी वेगळं कर ना', मग डबेवाल्या भाज्या निवडून ठेवणं. तीन माणसांचं यिन एका बाईच्या यांगवर चाललेलं असतं. त्यात पुन्हा यिन म्हणजे स्त्री, शांत, सोशिक, सामावून घेणारी असंही कुठे कुठे वाचलंय. शांत, सोशिक बाईला निदान पडू तरी द्या.

काठावरची

+१ अळूवडी. 'वेगळं कर ना'ला तर +१००.

पोथीनिष्ठ

@अळूवडी, ती सोशिकपणाची भानगड मुळात नव्हती, नंतर चिकटवली गेली. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हान दरबारातल्या दोंग चोंगशू या कन्फ्यूशियन विद्वानाने यिन-यांगला उतरंड लावली: राजा यांग, प्रजा यिन, नवरा यांग, बायको यिन, आणि यांग वरचढ. राज्य चालवायला सोयीचं होतं. त्याच्या आधीच्या ताओ मताची मंडळी तर यिनच्या बाजूने झुकलेली. त्यांचा 'ताओ ते चिंग' हा ग्रंथ पाण्याचं आणि दरीचं कौतुक करतो, कठीणाला मऊ जिंकतं म्हणतो. तेव्हा कुणी सोशिकपणा शिकवायला आलं तर विचारा, कुठल्या यिनबद्दल बोलताय?

धागाकर्तीने 'ह्वांगती नेइचिंग'चा उल्लेख केला नाही याचं आश्चर्य वाटलं. चिनी वैद्यकाचा तो पायाग्रंथ, दोन हजार वर्षांच्या आसपासचा. त्यात ऋतूप्रमाणे झोप सांगितलीय. वसंतात आणि उन्हाळ्यात उशिरा झोपा, लवकर उठा. शरदात लवकर झोपा, कोंबड्याबरोबर उठा. हिवाळ्यात लवकर झोपा आणि ऊन येईपर्यंत उठूच नका.

दमलेला_ट्रेकर

'ऊन येईपर्यंत उठूच नका.' हे वाक्य फ्रेम करून बायकोच्या उशाशी लावतो.

काढा_आणि_कोकम

फ्रेम करायच्या आधी जरा थांबा. ते हिवाळे पिवळ्या नदीच्या खोऱ्यातले आहेत. बीजिंगला डिसेंबरात दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा आणि जूनमध्ये पंधरा तासांचा. पुण्यात डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा, जूनचा सव्वातेरा. एवढ्याशा फरकासाठी हिवाळ्यात वेगळं झोपायचं कारण नाही. आणि आपला खरा दमवणारा काळ एप्रिल-मे आहे, त्यानंतर थेट पाऊस. त्यांच्या चार ऋतूंत आपला पावसाळा बसतच नाही.

(मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. इथे कुणाला औषध सांगणार नाही, विचारू नये.)

आपल्याकडे आयुर्वेदाचा ग्रंथकार वाग्भट याने हा विषय जास्त चोख मांडलाय. त्याच्या अष्टांगहृदयात व्यायाम 'अर्धशक्त्या' करायला सांगितलाय, म्हणजे निम्म्या ताकदीनेच. तोही धडधाकट, तूप-दूध खाणाऱ्या माणसाने, थंडीत आणि वसंतात. बाकीच्या ऋतूंत त्याहून हलका. दिवसा झोप फक्त ग्रीष्मात हितकर, कारण रात्र लहान असते आणि अंगातला ओलावा उन्हाने शोषलेला असतो. इतर ऋतूंत दिवसा झोपण्याने कफ-पित्त वाढतं. म्हातारी, लहान मुलं, आजारी, प्रवासाने किंवा कष्टाने थकलेली माणसं यांना सूट आहे. पावसाळ्यात तर दिवसाची झोप आणि अतिश्रम दोन्ही वर्ज्य.

तेव्हा 'वर्षभर दुपारी झोप' हे चिनी असेल, आपलं नाही.

मुळशीकर

ताई, पावसाळ्यात अतिश्रम वर्ज्य हे आमच्या भाताला कोण सांगणार?

आषाढात गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून लावणी करतात आमच्याकडे. डोक्यावर इरलं किंवा आता प्लास्टिकचा कागद, वरून धार. वर्षातले सगळ्यांत जड दिवस ते. वाग्भट बहुतेक पोळी खाणारा असावा, हलकंच घ्या.

पण एक सांगतो. लावणी उरकली की गाव सुस्तावतं. श्रावण लागतो, सप्ते बसतात, पोथ्या सुरू होतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून मळतात, जू ठेवून ठेवून जिथे घट्टा पडतो ना, नेमक्या त्या जागेवर. दुसऱ्या दिवशी त्याला औताला धरत नाहीत, पुरणपोळी खाऊ घालतात. मोठ्या कामानंतर थांबायचं हे शेतकऱ्याला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. बैल बसला की शेत बसतं, म्हणून कळलं. आता ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरचा खांदा सुजत नाही, त्यामुळे चालवणाराही थांबत नाही. माझा चुलतभाऊ हंगामात रात्री हेडलाइट लावून नांगरतो. कंबरेचा पट्टा कायमचा लागलाय.

काढा_आणि_कोकम

@मुळशीकर, बरोबर बोललात. शास्त्र सांगतं त्याला ज्याच्या हातात निवड आहे. लावणीच्या दिवसांत 'कष्टाने थकलेला' ही सूट तुम्हालाच लागू, दुपारी बिनधास्त झोपा.

लाल_माती

इतका वेळ वाचत होतो, तालमीतला कुस्तीच्या मातीचा हौदा आठवला म्हणून लिहितोय.

आजोबा पेठेतल्या एका तालमीत पैलवान. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो, पुढे थोडी मेहनतही केली. पहाटे जोर, बैठका, हौदा खणणं. मग थंडाई, दूध, आणि झोप. संध्याकाळी पुन्हा माती. दुपारची झोप हा तिथे लाड नव्हता, मेहनतीइतकाच नियम होता. वस्ताद दुपारी चक्कर टाकायचे. पत्ते कुटताना सापडला की दुसऱ्या दिवशी शंभर बैठका जादा. 'झोपेत अंग धरतं' असं म्हणायचे. मेहनतीने अंग मोडतं, धरतं ते झोपेत आणि खुराकात. आता जिमवाले तेच 'रिकव्हरी' म्हणून पावडरीच्या डब्यासकट विकतात.

पण धागाकर्तीचा जो सांध्याचा मुद्दा आहे त्यासाठी खास हे. लढत संपली की तडक अंघोळीला जायचं नाही. हौद्यातली माती, तेल-ताक-हळद पिऊन मऊ झालेली, ती एकमेकांच्या पाठीला, खांद्याला चोळायची आणि तसंच भिंतीला टेकून बसायचं. घाम जिरवायचा. कुणी बोलत नसे फारसं. माती वाळली, अंगावर ओढ बसायला लागली की ती झटकायची, मग गार पाणी. घाईने नळाखाली गेलेल्या पोराला म्हातारे शिव्या घालायचे. हे वजन सरकवणंच झालं ना?

हल्ली जिममध्ये शेवटचा सेट मारून पोरं त्याच घामात बाइकवर बसून ऑफिसला जातात.

सावलीकडची

@लाल_माती, अहो तंतोतंत! माझं सगळं लांबलचक लिहिणं तुमच्या एका परिच्छेदात आलं.

दमलेला_ट्रेकर

माझी केस सांगतो. हिंजवडीला नोकरी, रोज जाऊन-येऊन अडीच-तीन तास ट्रॅफिकमध्ये. शनिवारी पहाटे सिंहगड, रविवारी अजून एखादा किल्ला, सोमवारी मेलेला. बायको म्हणते विश्रांती घे, मी म्हणतो डोंगर हीच विश्रांती. धाग्यामुळे भांडणात दोघंही अर्धे बरोबर निघालो.

मग बाणेरच्या एका स्टुडिओत 'पाच हजार वर्षांपूर्वीचा चिनी यिन योग' अशी जाहिरात बघून गेलो. एकेका आसनात चार-चार मिनिटं पडून राहायचं. बरं वाटलं, खोटं का बोला. पण ते पाच हजार वर्षांचं काय प्रकरण आहे?

पोथीनिष्ठ

प्रकरण अमेरिकन आहे. पॉली झिंक या मार्शल आर्ट आणि ताओ योग शिकवणाऱ्या माणसापासून १९७०च्या दशकाअखेरीस सुरू झालं, पॉल ग्रिली आणि सारा पॉवर्स यांनी पुढे नाव आणि प्रसार दिला. आसनं बहुतांशी आपलीच, चिनी तत्त्वज्ञानाचा मुलामा. उपयोग होत असेल तर जरूर करा, फक्त पाच हजार वर्षांची फी देऊ नका.

जाता जाता, पुण्यात राहून टेकूवर पडून राहायला बाणेरला का जावं? अय्यंगारांनी मॉडेल कॉलनीत १९७५ साली संस्था काढली, तिथे लोड, पट्टे, खुर्च्या, दोऱ्या लावून शरीराला पूर्ण आधार देत आसनात राहणं हे मोठं शास्त्रच करून ठेवलंय. लोडावर सुप्त बद्धकोणासन करून बघा. तिथे कळतं की नुसतं पडणं आणि सैल होणं वेगळं. मांडीचा आतला स्नायू आपण आडवं पडल्यावरही नकळत आवळून धरलेला असू शकतो.

शंकासुर

@ट्रेकर, पळणाऱ्यांकडे याचं साधं उत्तर आहे. चांगले लांब पल्ल्याचे धावपटू बहुतेक सराव इतक्या हळू करतात की धावता धावता गप्पा मारता याव्यात. जोराचा सराव थोडाच. हौशी माणूस रोज मध्यम-जोरात पळतो. त्याला धड दमही लागत नाही आणि धड आरामही मिळत नाही. धागाकर्तीच्या भाषेत दोन्ही पायांवर वजन.

(हे मी लिहिलं म्हणजे मला यिन-यांग पटलं असं कुणी समजू नये.)

काढा_आणि_कोकम

@शंकासुर, गप्पा मारता येण्याची तुमची कसोटी सुश्रुताकडेही आहे. छातीतला वारा तोंडाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावासा वाटला, की निम्मी ताकद संपली असं समजा, असं तो म्हणतो. वाग्भटाची 'अर्धशक्ती' तीच. पर्वती चढताना करून बघण्यासारखं आहे. तोंड उघडलं की पायरीवर टेका, वर कुणी हजेरी घेत नाही.

पेठेतला_पाहुणा

चार वाजले. लिहितो.

एक ते चारवर सगळं जग हसलं. आमचं दुकान होतं लक्ष्मी रस्त्याच्या आतल्या बोळात. वडील सकाळी साडेआठला शटर वर करायचे, एकला खाली. घरी येऊन जेवण, अंगणात शतपावली, डाव्या कुशीवर अर्धा तास, मग पेपर, चहा, चारला शटर वर, ते रात्री नऊपर्यंत. सगळा वेळ उभ्याने. मोजा तास. आळशी माणसाचं वेळापत्रक आहे का हे? उन्हाळ्यात त्या वेळी गिऱ्हाईक फिरकतही नाही. लाइट-पंखा जाळून उघडं ठेवायचं कशाला?

आता भाऊ दुकान सलग उघडं ठेवतो. ऑनलाइनशी स्पर्धा आहे, त्याचाही नाइलाज. दुपारी स्टुलावर बसून मान खाली पडते त्याची, गिऱ्हाईक आलं की दचकून उठतो. झोप तितकीच होते, पण ती झोपही नव्हे आणि दुकानदारीही नव्हे.

अळूवडी

@पेठेतला_पाहुणा, आणि वडील पेपर वाचत असताना चारचा चहा कोण करत होतं, तेही लिहा. ;)

पेठेतला_पाहुणा

आई. आणि तिची दुपार कधी व्हायची ते खरंच आठवत नाही. विचारतो तिला.

निशाचर

सगळ्यांचं वाचलं. आता माझं सांगा. अमेरिकन क्लायंट, संध्याकाळी सात ते पहाटे चार. कॅब घरी सोडते तेव्हा पाच-साडेपाच. तुमच्या यिनच्या कळसाला माझी स्टेटस मीटिंग असते. अकराच्या आत झोपा म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला माझी सॅलरी स्लिप दाखवावीशी वाटते.

काढा_आणि_कोकम

वाग्भटाने तुमचीही सोय केलीय. सवय नसताना रात्री जागरण झालं तर जितकं जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपा. म्हणजे घरी येऊन पराठे चेपून झोपू नका, भूक असेल तर थोडं दूध पुरे. पण हे अधूनमधून जागणाऱ्यासाठी आहे. रोजच्याला शंकासुरांचं शास्त्र विचारा.

शंकासुर

@निशाचर, रोजच्या रात्रपाळीची भरपाई पूर्ण होत नाही, हे आधी मान्य करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलंय. घाबरवत नाही, पण कायमची व्यवस्था समजू नका.

तोवर करता येण्यासारखं: चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच, कारण कॅफीन अंगातून निम्मं व्हायलाही साधारण पाच तास घेतं. घरी येताना उजाडलेलं असेल तर गॉगल. खोलीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत. पाळीच्या आधी वीसेक मिनिटांची डुलकी. त्याहून लांबली की उठल्यावर डोकं जड होतं.

सगळ्यांत महत्त्वाचं, सुट्टीच्या दिवशी एकदम 'दिवसाचा माणूस' होऊ नका. समजा एरवी सकाळी ६ ते १ झोपता. सुट्टीत ३ ते १० झोपा. म्हणजे ६ ते १० हे चार तास रोजचे कायम. शरीराच्या घड्याळाला धरायला एक खुंटी राहते.

सावलीकडची

@निशाचर, आणि कॅबमधून उतरल्यावर तडक गादीवर नको. पार्किंगमध्ये चार फेऱ्या, टाच आधी, वजन नंतर. वॉचमन बघेल. बघू दे.

माझं विचाराल तर संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर कपडे बदलून दिवा लावेपर्यंत फोन पर्समध्येच ठेवते. तिन्हीसांजेला आडवं व्हायचं नाही ही आजीची शिस्त आता पटते. त्या वेळी लोळलं की रात्रीची झोप मोडतेच, हे कुणीही करून बघावं. ती वेळ हातपाय धुणं, झाडांना पाणी, भाजी निवडणं अशा फुटकळ कामांची. रिकामा पाय पुढे टाकायची.

अळूवडी

भाजी निवडणं फुटकळ?? बरं. मग गवारीच्या शेंगा उद्यापासून घरातल्या बाकीच्या तिघांचं ताई ची. आजच जाहीर केलं. मुलगा म्हणाला मोडताना रील्स बघू का. म्हटलं, दोन्ही पायांवर वजन चालत नाही.

निशाचर

@शंकासुर, ३ ते १०चा प्रयोग या शनिवारपासून. अडचण एकच, सुट्टीच्या दिवशी सकाळी दहापर्यंत झोपलेला मुलगा आमच्या आईला बघवत नाही. नऊपासून भांडी वाजतात. तिला हा धागा वाचायला देतो.

अळूवडी

धागा देण्याआधी तिला एक कप चहा करून दे.